लक्ष, वेळ आणि हातातला मोबाईल: विदर्भातल्या गावांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एडीएचडी, स्वमग्नता (ऑटिझम) किंवा डिस्लेक्सिया असलेल्या मुलांचे आईबाप, कॉलेजातली पोरं आणि काही मोठी माणसंही मला शाळाभेटीत, पालकसभेत, कधी एसटी स्टँडवर उभ्या उभ्या जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. काही प्रश्न विचारणाऱ्यांच्याच बोलीत ठेवले आहेत. उत्तरं लिहिताना गृहीत धरलंय ते असं: घरात एखादाच स्मार्टफोन, रिचार्ज मोजून मारलेलं, लाईन कधीही जाणार आणि मानसोपचाराचा डॉक्टर जिल्ह्याच्या गावाला.

न्यूरोडायव्हर्जंट म्हणजे कोण? हा नवीन रोग हाय का?

रोग नव्हे. काहींच्या मेंदूची जडणघडण लहानपणापासूनच जरा निराळी असते. एडीएचडी असलेल्याला हवं तिथे लक्ष लावणं आणि सुरू केलेलं काम शेवटाला नेणं जड जातं. स्वमग्न माणसाला अचानक झालेला बदल, गोंगाट, गर्दी सोसत नाही. डिस्लेक्सियात बुद्धी शाबूत असते, पण अक्षरं झटकन जुळत नाहीत. एकाच माणसात यातल्या दोन गोष्टी असणंही नेहमीचं आहे. अशी माणसं आपल्या गावात आधीपासून आहेत. फक्त त्यांना 'आळशी', 'धांदरट' म्हणून निकालात काढलं जायचं.

मोबाईलनंच तं पोट्टं बिघडलं. अन् तुमी मोबाईलच द्या म्हन्ता?

ही तक्रार अर्धी खरी आहे. मोबाईलमुळे एडीएचडी होत नाही. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. मुलाची माहिती सांगता सांगता बाप मध्येच थांबतो आणि "मीबी असाच होतो" म्हणतो, हे मी अनेकदा ऐकलंय. पण दर काही सेकंदांनी नवं काहीतरी दाखवणाऱ्या रील्समधून बाहेर पडणं अशा मुलाला इतरांहून अवघड जातं, हेही तितकंच खरं.

म्हणून फोनचे दोन भाग वेगळे करा. एक भाग ओढून ठेवणारा: रील्स, गेम, ग्रुप. दुसरा आठवण देऊन मोकळा करणारा: अलार्म, टायमर, कॅलेंडर, कॅमेरा, आवाज रेकॉर्ड करायची सोय. या पानावर काम दुसऱ्याच भागाशी आहे, आणि त्यातल्या बहुतेक गोष्टींना इंटरनेट लागतच नाही.

घरात काच तडकलेला, बाजूला टाकलेला जुना फोन असेल तर तो काढा. सिमकार्डाशिवायही त्यावर अलार्म, टायमर, कॅमेरा चालतो. त्यातले गेम काढून टाका, यूट्यूब डिसेबल करा, वायफाय बंद ठेवा आणि तो अभ्यासाच्या जागी कायमचा ठेवून द्या. मला कोणी एकच उपाय विचारला तर मी हाच सांगतो. फोन नवा घेऊ नका.

"आलोच" म्हन्ते अन् दोन घंटे येत नाई. खोटं बोलते का थो?

बहुतेक वेळा नाही. एडीएचडीत वेळ किती गेला याचा आतला अंदाजच कच्चा असतो. "आत्ता" आणि "आत्ता नाही" असे दोनच काळ असल्यासारखं चालतं. बस सातला आहे हे त्याला पाठ असतं, पण सहा वाजून वीस मिनिटं झाली म्हणजे आता अंगात शर्ट असायला हवा, हा हिशेब होत नाही. रागावून हा हिशेब येत नाही. तो बाहेर, डोळ्यांना आणि कानांना कळेल असा मांडावा लागतो.

एकाच कामाला दोन अलार्म लावा. पहिला तयारीचा, दुसरा निघायचा. सातची बस असेल आणि फाटा दहा मिनिटांवर असेल, तर सव्वासहाचा आणि पावणेसातचा. सातचा अलार्म लावून काही उपयोग नाही, तेव्हा बस गेलेली असते. मानव विकास कार्यक्रमाच्या, मुलींसाठी सोडलेल्या निळ्या बसने शाळेत जाणाऱ्या मुलींच्या घरी हे विशेष सांगतो, कारण ती बस चुकली की दिवस गेला.

अलार्मला नाव द्या. नुसतं वाजलं की मूल बंद करतं आणि कशासाठी वाजलं तेच विसरतं. "डबा भर, दप्तर उचल" असं मराठीत लिहिता येतं. वाचायचा कंटाळा असेल तर फोनच्या रेकॉर्डरवर हेच वाक्य बोलून ती फाईल अलार्मची टोन म्हणून निवडा. बहुतेक अँड्रॉइड फोनवर हे जमतं. आवाज मुलाचा स्वतःचाच असू द्या. आईच्या आवाजात ठेवलं की दोन दिवसांत ती कटकट वाटायला लागते.

टायमरमध्येही उरलेला वेळ डोळ्यांना दिसेल असा निवडा, म्हणजे कमी कमी होत जाणारं वर्तुळ. आकडे मोजून जे कळत नाही, ते आकसत जाणारा रंग पाहून कळतं.

पंचवीस मिनिटांची ती पद्धत आमच्या पोरीला जमत नाही. मग?

मग पंचवीस सोडा. पोमोदोरो पद्धत इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिलोने 1980च्या दशकात, विद्यार्थी असताना, टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या टायमरवर बसवली. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं सुट्टी. तो आकडा त्याला जमला. सातवीतल्या मुलीला आठ मिनिटं जमत असतील तर आठचा टायमर लावा आणि त्या आठ मिनिटांत काय करायचं ते आधी ठरवा: "गणित कर" असं मोघम नको, "पान 34 वरची पहिली तीन" असं. सुट्टीलाही टायमर हवा, नाहीतर सुट्टी संपतच नाही. आणि सुट्टीत फोन नको. हौदावर जाऊन तोंड धुवून यावं, ढोरांना पाणी दाखवावं.

याच्या उलटही होतं. एखाद्या गोष्टीत मन रमलं की तासन्‌तास भूक-तहान कळत नाही. तेव्हा दर काही मिनिटांनी टायमर वाजवून ती लय मोडू नका. फक्त जेवणाचा आणि झोपेचा अलार्म ठेवा, तो मात्र मोडायचा नाही.

घरात एकच स्मार्टफोन, तोबी याच्या बाबाच्या खिशात. आम्ही काय करावं?

कीपॅडच्या फोनवर रोज वाजणारे दोन-चार अलार्म लावता येतात, बहुतेकांत कॅलेंडरची आठवणही असते, आणि चार्जिंग दिवसेंदिवस टिकतं. अलार्मपुरता तो स्मार्टफोनपेक्षा चांगला, कारण अलार्म बंद करताना हात दुसरीकडे जात नाही. व्हायब्रेट होणारं साधं डिजिटल घड्याळ मिळालं तर वर्गातही चालतं, आणि मोबाईलला मनाई असलेल्या शाळेला त्याची सहसा हरकत नसते. हेडमास्तरांना आधी सांगून ठेवा, एवढंच.

बाबांचा स्मार्टफोन संध्याकाळी अभ्यासापुरता मिळत असेल तर सेटिंगमधून 'स्क्रीन पिनिंग' किंवा 'अ‍ॅप पिनिंग' सुरू करा. एकच अ‍ॅप समोर राहतं; बाहेर पडायला पिन लागेल अशी सोयही तिथेच लावता येते.

लाईन नसते, नेट नसतं. मग सगळं बंदच ना?

अलार्म, टायमर, नोंदवही, फोटो, रेकॉर्डिंग बिनानेट चालतं. गुगल कॅलेंडरमध्ये आधी टाकलेल्या आठवणीही येतात. बोलून टाईप करायला मात्र अनेक फोनवर नेट लागतं.

खरी अडचण बॅटरीची. फोन बंद पडला की अलार्मही गेला, म्हणून रात्री लाईन असेपर्यंत आधी हा फोन लावायचा, टॉर्च मग. बॅटरी वाचवायच्या नादात काही फोन बाहेरून घेतलेल्या अ‍ॅपच्या आठवणी उशिरा दाखवतात किंवा गिळून टाकतात. त्यासाठी महत्त्वाचा अलार्म फोनच्या स्वतःच्या घड्याळातच लावा. दुसरं अ‍ॅप वापरायचंच असेल तर त्याला बॅटरीच्या सेटिंगमध्ये 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. अलार्मचा आवाज रिंगच्या आवाजापेक्षा वेगळा असतो, तोही एकदा तपासा. आणि मे महिन्यात, पारा 45 च्या वर असताना, फोन टिनाच्या खाली किंवा खिडकीत ठेवू नका. तापला की स्वतःच बंद होतो.

धडा वाचता वाचता पोट्टी रडते. पण सांगितलं तं सारं समजते तिले.

मग तिला ऐकू द्या. अँड्रॉइड फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत 'सिलेक्ट टू स्पीक' म्हणून सोय आहे. ती सुरू करून पडद्यावरच्या मजकुरावर बोट ठेवलं की फोन मराठीत वाचून दाखवतो. मराठी आवाज एकदा डाउनलोड करून ठेवला की पुढे नेट लागत नाही. पुस्तकाच्या पानाचा फोटो काढून गुगल लेन्सनेही वाचून घेता येतं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. पण कोणतीही पीडीएफ जुन्या फॉन्टमधली असेल तर फोन भलतंच काहीतरी बडबडतो; तेव्हा लेन्सच बरं. पाठ्यपुस्तकांवरचे क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपने स्कॅन केले की धड्याशी जोडलेलं साहित्य उघडतं.

ऐकताना बोट ओळीवर फिरू द्या. गती कमी ठेवा. आणि उत्तर लिहायला जड जात असेल तर आधी तिला ते बोलून रेकॉर्ड करू द्या, मग तेच ऐकत वहीत उतरवू द्या. विचार करणं आणि अक्षर काढणं ही दोन ओझी एका वेळी उचलायला लावली की ती रडते.

मुलगी स्वमग्न आहे. शाळेची वेळ बदलली की आठवडाभर घर डोक्यावर घेते.

तिला बदल कळायच्या आधी बदल येऊन आदळतो, म्हणून. विदर्भात तर दरवर्षी ठरलेलं आहे: उन्हं वाढली की शाळा सकाळची, मग लांब सुट्टी, आणि उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या अखेरीस पुन्हा सुरू. मध्ये पोळा, दिवाळी, कुणाचं लग्न.

फोनच्या गॅलरीत तिच्या नावाचा एक अल्बम करा. त्यात तिच्याच गोष्टींचे फोटो क्रमाने ठेवा: तिची बादली, तिचं ताट, तिचं दप्तर, तिच्या शाळेचं फाटक. बाजारातून किंवा नेटवरून आणलेली गुळगुळीत चित्रं तितकी लागू पडत नाहीत, कारण तिची बादली निळी असते आणि चित्रातली लाल. सकाळची शाळा सुरू व्हायच्या आधी चार-पाच दिवस नवा क्रम रोज दाखवा. लग्नाला न्यायचं असेल तर मंडप, जेवणाची पंगत आणि गर्दी सोसली नाही तर बसायची खोली, यांचे फोटो कुणाकडून तरी आधी मागवून घ्या. खोलीचा फोटो सगळ्यात महत्त्वाचा.

अलार्म कर्कश नको. पुष्कळ स्वमग्न मुलांना अचानक आलेला आवाज सहन होत नाही. हळू सुरू होऊन वाढणारी टोन किंवा नुसतं व्हायब्रेशन ठेवा.

मी कास्तकार आहे, वय चाळीस. कामाला मागे हटत नाही, पण कागदाची प्रत्येक तारीख चुकते. हे मलाही असू शकतं का?

असू शकतं. एडीएचडी लहानपणीच सुरू होतो, पण कित्येकांना तो मोठेपणीच, मुलाचं निदान होताना कळतो. डवरणी, निंदण, फवारणी, वेचणी ही कामं डोळ्यांपुढे उभी असतात, म्हणून ती सुटत नाहीत. कागदाचं काम दिसत नाही. आणि आता शेतीतलं कागदाचं काम बरंच वाढलंय: खरिपाचा विमा साधारण 31 जुलैपर्यंत, 2021 पासून ई-पीक पाहणी (पिकाची नोंद मोबाईलवरून), पीएम किसानचं ई-केवायसी, सीसीआयला (भारतीय कापूस निगमाला) कापूस घालायचा तर 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी. लक्षाची अडचण असलेल्या माणसाला यातली प्रत्येक शेवटची तारीख नडते. मुदतवाढ मिळते कधीकधी, पण तिच्या भरवशावर राहू नका.

तारीख कळली त्याच क्षणी, बसल्या जागी, फोनला बोलून आठवण लावा. "घरी गेल्यावर लावतो" म्हणालात की ती गेली. आणि शेवटच्या दिवसाची लावू नका. दहा दिवस आधीची लावा, तीही नुसती "विमा" अशी नको. "सातबारा, आधार, पासबुक घेऊन सेवा केंद्रात जा, मंगळवार" अशी लावा. मेंदू कामाच्या नावाला घाबरतो, पहिल्या पावलाला सहसा घाबरत नाही. ई-पीक पाहणीला फोटो वावरातच उभं राहून काढावा लागतो, म्हणून तिचा अलार्म तुम्ही वावरात असता त्या वेळेचा ठेवा. रात्री आठला वाजला तर करणार काय?

व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज पाठवायची सोय आहे. ती चॅट वर पिन करा. खताची पावती, फवारणीच्या औषधाचं लेबल, बँकेची चिठ्ठी, सगळ्याचा फोटो तिथे. डोक्यात आलेलं काम व्हॉइस मेसेजमध्ये तिथेच. रविवारी एकदा वरून खाली पाहायचं. दुसरी वही, तिसरं अ‍ॅप, कॅलेंडरच्या मागे लिहिलेलं, असं चार ठिकाणी ठेवलं की कुठेच सापडत नाही.

पंपाची लाईन एका आठवड्यात दिवसा, एका आठवड्यात रात्री असेल तर तसे दोन वेगळे अलार्म करून ठेवा. वेळापत्रक बदललं की एक बंद, दुसरा चालू. रोज नव्याने लावायची वेळ आली की चौथ्या दिवशी राहतं.

फवारणीचं वेगळं सांगतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, हे आपल्याकडे कुणी विसरलेलं नाही. कामाच्या तंद्रीत मास्क घसरलेला कळत नाही, तहान कळत नाही. फोन पिशवीत घालून धुऱ्यावर (बांधावर) ठेवा, मोठ्या आवाजात दर अर्ध्या तासाचा टायमर लावा. वाजला की पंप खाली, धुऱ्यावर यायचं, मास्क-हातमोजे पाहायचे, हात साबणाने धुवून पाणी प्यायचं. वाऱ्याची दिशाही तेव्हाच पाहून घ्यावी.

रील्स सुटत नाहीत. इच्छाशक्ती कमी पडते का?

इच्छाशक्तीवर सोडूच नका. फोनच्या 'डिजिटल वेलबीइंग'मध्ये अ‍ॅपला रोजची मर्यादा घालता येते, 'फोकस मोड'मध्ये ठरलेल्या वेळी अ‍ॅप झाकता येतात. पडदा करडा, म्हणजे बिनारंगाचा, केला की रील्सची निम्मी गंमत जाते. मर्यादा तुम्हीच काढून टाकत असाल तर ते अ‍ॅप फोनवरून काढा आणि पाहायचंच तेव्हा ब्राउझरमध्ये पासवर्ड टाकून पाहा; तेवढी कटकट पुरते. व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप म्यूट करून आर्काइव्ह करा. शाळेचा आणि गावातल्या पाणीपुरवठ्याचा तेवढा ठेवा.

एकटा बसलो की पुस्तक उघडतच नाही. मित्र नुसता शेजारी असला तरी होतं. असं का?

पुष्कळ एडीएचडी असलेल्यांचा हाच अनुभव आहे. दुसऱ्याने मदत करायची नसते, नुसतं आपापलं काम करत हजर असायचं असतं. हिंगणघाट, मोर्शी, दारव्हा अशा तालुक्याच्या गावांत अभ्यासिका असतात, तिथे एमपीएससीची पोरं बसलेली असतात. जाता येत असेल तर तेच उत्तम. नसेल तर मित्राला साधा कॉल लावून फोन बाजूला ठेवा आणि दोघंही गप्प काम करा. व्हिडिओची गरज नाही, डेटा वाचतो. घरी आजी तूर निवडत असेल तर तिच्या शेजारी बसा. आजीला काही समजावून सांगावं लागत नाही.

यासाठी पैशाचं अ‍ॅप घ्यावं का?

माझं मत: नाही. नवं अ‍ॅप दोन-तीन आठवडे फार आवडतं, मग उघडावंसं वाटत नाही. हा या मेंदूचा नेहमीचा नाद आहे, त्याची लाज नको, पण त्यासाठी वर्षाचे पैसेही भरू नका. दहा प्रश्न विचारून "तुम्हाला एडीएचडी आहे" सांगणाऱ्या अ‍ॅपवर विश्वास ठेवू नका.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटबॉटचा एक उपयोग चांगला आहे. "मला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा आहे, याचे छोटे छोटे टप्पे करून दे" असं मराठीत म्हटलं की तो करून देतो. शेवटच्या तारखा आणि कागदपत्रं मात्र त्याच्यावर न सोडता अधिकृत ठिकाणी तपासा. औषधाचं त्याला विचारूच नका.

निदान कुठे करायचं? नागपूरलाच जावं लागतं का?

लागेलच असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं, त्यांना स्पष्ट सांगा. ते पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे डीईआयसीकडे पाठवतात. यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियाची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, सेवाग्रामचं रुग्णालय, नागपूरचं मेडिकल (तिथलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि एम्स हे पुढचे पर्याय. आधी बोलायचंच असेल तर सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेली-मानस, 14416, फुकट आणि चोवीस तास; मराठीत बोलता येतं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत, नुसता एडीएचडी नाही. म्हणून तपासणीत अध्ययन अक्षमताही पाहायला सांगा. प्रमाणपत्र असेल तर दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. अर्ज शाळेमार्फत जातो, तेव्हा नववीतच कामाला लागा. आणि हो, त्या अर्जाचाही अलार्म लावा, शाळा आठवण करेल असं धरू नका.

अलार्म वाजते, मी बंद करतो, अन् पुन्हा तसाच बसून रायतो. आता?

हे सगळ्यांचं होतं. फोन हाताशी ठेवू नका. मोटर लावायची असेल तर स्टार्टरच्या पेटीजवळ, औषध घ्यायचं असेल तर गोळ्यांच्या डब्यावर, अभ्यासाला उठायचं असेल तर दप्तरावर. उठून जावंच लागलं पाहिजे. अलार्म बंद करायचा तो काम हाती घेतल्यावर, आधी नाही. लगेच जमणार नसेल तर बंद न करता दहा मिनिटं पुढे ढकला. टोन महिन्या-दोन महिन्यांनी बदला, कारण सवयीचा आवाज कानाला ऐकूच येत नाही. आणि दिवसाला पाच-सहाच्या वर अलार्म ठेवू नका. त्याहून जास्त लागत असतील तर त्यातले निम्मे कुणा दुसऱ्याने करायच्या कामाचे आहेत का, ते घरी बसून एकदा पाहा.